निळा धूर, हिरवी तार

पाना-पक्कड : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत दोन दारांच्या गाड्याच, म्हणजे कूपेच, जास्त निघाल्या. कुणाला काकांकडून मिळालेली, कुणी हौसेनं घेतलेली. दुखणं मात्र जवळपास सगळ्यांचं एकच: चालली कमी, उभी राहिली फार. नव्या वाचकांसाठी सांगते, मी मेकॅनिक नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात २७ वर्षं मोजमाप-तपासणीत काढली. मायक्रोमीटर आणि गेज यांच्याशीच संसार. चरईतल्या आमच्या जुन्या इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी १९९५ ची टोयोटा सेलिका उभी असते. तिच्या बॉनेटवर शेजारच्या वहिनी दर एप्रिलात पापड वाळत घालतात आणि मी काही बोलत नाही. माझ्या उत्तरांत ‘आधी मोजा’ वारंवार येतं, त्याचं कारण हे एवढंच.

प्रश्न : ताई, माझ्याकडे २००१ ची टोयोटा सेलिका आहे, १.८ लिटरची. काका लंडनहून कायमचे परतले तेव्हा सोबत आणली होती. त्यांच्यानंतर चार वर्षं ती घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये उभी होती. गेल्या दिवाळीत नवी बॅटरी टाकून चालू केली. आता ८०० किलोमीटरला एक लिटर ऑइल पिते. धूर फारसा नाही, कधीतरी निळसर दिसतो. मिस्त्री म्हणतो इंजिन उतरवावं लागेल, नाहीतर दुसरं इंजिन बघा. सोसायटीचे सेक्रेटरी ‘पार्किंगमध्ये गॅरेज चालणार नाही’ म्हणून मागे लागलेत ते वेगळंच. सुरुवात कुठून करू? — कासारवडवलीहून एक वाचक

मिस्त्रीला हो म्हणू नका. नाहीही म्हणू नका, महिनाभर थांबायला सांगा.

तुमच्या गाडीत बहुधा वनझेडझेड-एफई इंजिन आहे, १७९४ सीसीचं. १९९९ ते साधारण २००२ पर्यंतची ही इंजिनं ऑइल पिण्यासाठी जगभर बदनाम आहेत. म्हणजे काकांनी गाडी वाईट ठेवली असं मनात आणू नका. पिस्टनला तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब धरतात, तिसरी सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून घेते. खरवडलेलं ऑइल खाली परतायला पिस्टनला बारीक भोकं असतात. या सुरुवातीच्या पिस्टनांत ती भोकं कमी आणि लहान होती. ऑइल तिथे अडतं, तापतं, त्याचा कोळसा होतो आणि रिंग खाचेतच चिकटून बसते. दूध उतू गेलं की शेगडीच्या बर्नरची भोकं बुजतात ना, अगदी तसंच. पुढे टोयोटाने पिस्टनच बदलला.

आता तुमच्या फायद्याची गोष्ट. २००३ साली आपल्याकडे जी कोरोला आली, तिच्यात याच कुळातलं १.८ चं इंजिन होतं. त्यामुळे प्लग, गॅस्केट, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी छोटी झडप) असल्या वस्तूंसाठी परदेशाकडे डोळे लावून बसायला नको. दुकानात ‘सेलिका’ म्हटलंत तर काउंटरवरचा माणूस हात वर करतो. ‘कोरोला’ म्हटलंत की मागे वळून डबा काढतो. तरीही जुना भाग खिशात घेऊन जा आणि शेजारी ठेवून बघा. कूळ एक असलं तरी चेहरा वेगळा असू शकतो, आणि पिस्टन-रिंगांपर्यंत वेळ आलीच तर चासी नंबर दिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

पहिलं काम हिशेबाचं. ८०० ला एक लिटर हा आकडा कुठून आला? डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, कधी संध्याकाळी घरी आल्याआल्या, कधी उतारावर बघितली असेल तर तो आकडा विसरा. सकाळी, थंड इंजिनावर, सपाट जागी, ऑइल बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरा. ५०० किलोमीटर चालवा. परत तशाच सकाळी, त्याच फरशीवर, मोजपात्रातून ओतत त्या खुणेवर आणा आणि किती लागलं ते लिहा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं झाकण चालतं, फक्त ते परत घरात नेऊ नका.

मग गळती बघा. टायमिंगची साखळी ताणून धरणाऱ्या भागाची ओ-रिंग (रबरी कडी) या इंजिनात हटकून कडक होते, आणि ऑइल साखळीच्या बाजूने इतकं बारीक झिरपतं की खाली थेंबही पडत नाही. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गेलं असेल तर प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात, ऑइल साचतं; प्लगवरची कॉइल उपसली की टोकाला चकाकतं. जळालेलं ऑइल आणि गळालेलं ऑइल डिपस्टिकवर सारखंच दिसतं.

गळती नसेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह. बोटाएवढी वस्तू, शे-पाचशेंचं काम, आणि तरी कुणी बघत नाही. काढा आणि हलवा, आत खुळखुळलं पाहिजे. स्वच्छ नळी लावून इंजिनाच्या बाजूने फुंका: हवा सहज गेली पाहिजे. उलट बाजूने फुंकलं तर अडली पाहिजे. दोन्हीकडून जात असेल किंवा कुठूनच जात नसेल तर बदला, आणि ५०० किलोमीटरचा हिशेब पुन्हा मांडा. एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्यात तर गुण कशाने आला ते जन्मात कळत नाही.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. चारही प्लग काढा, ईएफआयचा (पेट्रोल इंजेक्शनचा) फ्यूज काढून ठेवा, एकेका प्लगच्या भोकात दाबाचं गेज लावून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा आणि चारही आकडे लिहा. चारांतला फरक १५ पीएसआयच्या (दाबाचं एकक) आत हवा. एखादा मागे असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून परत घ्या. आकडा चढला तर दोष रिंगचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा. पण इथे एक मेख आहे, आणि याच जागी मिस्त्री आणि गिऱ्हाईक दोघंही फसतात. कॉम्प्रेशन उत्तम आलं म्हणजे ऑइल रिंग चांगली, असं नाही. दाब वरच्या दोघी धरतात. तिसरी कोळशात रुतलेली असली तरी आकडे छान येतात. तुमच्या गाडीत मला तरी तेच दिसतंय: ओढ चांगली, धूर कमी, ऑइल मात्र गायब.

तसं असेल तर भिजवून बघा. कार्बन सोडवणारं द्रव बाजारात मिळतं. इंजिन कोमट करा, प्लग काढा. चारही पिस्टन निम्म्या उंचीवर आणायचे असतात, म्हणजे द्रव चौघांच्या रिंगांपर्यंत सारखं झिरपतं. ते बाहेरून कसं कळायचं? मी प्लॅस्टिकच्या विणकामाच्या चार लांब सुया वापरते. गाठीचं टोक वर ठेवून एकेका विहिरीत सोडायची. गाठीमुळे आत पडत नाही, प्लॅस्टिक असल्याने पिस्टनला ओरखडा जात नाही. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आता क्रँकच्या (पिस्टन वर-खाली करणाऱ्या मुख्य दांड्याच्या) बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या फिरायच्या दिशेनेच हळूहळू फिरवायचं. दोन सुया वर येतात, दोन खाली जातात, आणि एका जागी चारही गाठी एका रांगेत येतात. तिथे थांबा. पहिल्यांदा मला हे जमलं तेव्हा शेडमध्ये एकटीच हसत उभी होते.

प्रत्येक विहिरीत ३०-४० मिलिलिटर ओता, वर फडकं टाका आणि रात्रभर सोडा. सकाळी थोडं उरलेलं असेल, थोडं खाली ऑइलात गेलेलं असेल. प्लग लावण्याआधी फ्यूज काढलेलाच ठेवून सेल्फ मारा, म्हणजे वर राहिलेलं द्रव विहिरींतून बाहेर उडेल. समोर तोंड नेऊ नका, विहिरींवर जुनं फडकं टाका. ही पायरी चुकवलीत तर पिस्टन द्रवावर आदळतो. द्रव दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग मिस्त्रीचंच खरं होतं. नंतर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, फिल्टरसकट ३.७ लिटर लागेल. पहिल्या फेरीला ढगासारखा धूर येणार, त्यामुळे स्टिल्टमध्ये चालू ठेवू नका, बाहेर न्या. बंदिस्त पार्किंगमधला धूर नुसता त्रासाचा नाही, जिवावर बेततो.

एका भिजवणीने सगळं सुटत नाही. दोन-तीनदा करा, दर वेळी हिशेब मांडा. २५०० किलोमीटरला लिटरवर आलं तर माझ्या मते सोबत एक डबा ठेवून गाडी खुशाल चालवावी. आकडा हललाच नाही तर मग पिस्टन आणि रिंगा, तेही नंतरच्या सुधारलेल्या नमुन्याच्या. दुसरं इंजिन टाकायचा सल्ला मला पटत नाही. ज्याचा इतिहास माहीत नाही ते दुखणं विकत घ्यायचं आणि वर आरसीवर इंजिन नंबर बदलून घ्यायला आरटीओत चकरा मारायच्या.

चार वर्षांच्या उभेपणाचं आणखी थोडं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं होतंत का? पत्रात उल्लेख नाही. काढलं नसेल तर पेट्रोल फिल्टरच्या नावाने वेगळी चिंता करा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते बदलाच. टायरची नक्षी बघून फसू नका, बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

आणि सेक्रेटरी. त्यांचं थोडं बरोबर आहे. खाली पत्र्याचा ट्रे आणि पुठ्ठा ठेवा, भुसा हाताशी असू द्या, रंगकाम आणि पेट्रोल काढणं तिथे अजिबात करू नका. वापरलेलं ऑइल गटारात ओतू नका. तो घातक कचरा आहे, डब्यात भरून ऑइल बदलणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या. जॅक लावाल तर पेव्हर ब्लॉकवर नको. २०१४ च्या पावसाळ्यात माझा जॅक एका ब्लॉकसकट तिरका झाला आणि गाडी ब्रेकच्या डिस्कवर बसली. मी तेव्हा चहा आणायला आत गेले होते. तेव्हापासून १८ मिलिमीटरच्या प्लायचा दोन फुटी तुकडा आणि दोन जॅक स्टँड यांच्याशिवाय मी चाकाला हात लावत नाही.

प्रश्न : माझी १९९७ ची सेलिका पावसाळ्यापासून मधूनच चालू होत नाही. सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’. बॅटरी नवी, स्टार्टर मोटर नवी बसवली, रिलेही बदलला. धक्का मारला की लगेच सुरू होते. — नेरूळहून एक वाचक

तुमचं पत्र वाचून मला २०११ चा जुलै आठवला. हेच ‘टक्’. एका गॅरेजवाल्याने ओळीने माझी बॅटरी, स्टार्टर आणि इग्निशन स्विच बदलला, तिन्हींचे पैसे घेतले आणि शेवटी ‘जपानी गाड्यांना इथलं हवामान मानवत नाही’ म्हणाला. मी २७ वर्षं दुसऱ्यांचं काम मोजत होते आणि स्वतःच्या गाडीला मीटर लावायचं सुचलं नाही, हे कबूल करायला अजून जड जातं.

साधा मल्टीमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर लावा. आधी बॅटरी: रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास हवी, चालू इंजिनावर १३.८ ते १४.५. ते ठीक असेल तर काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर धरा. क्लॅम्पवर नाही, खुद्द खुंटीवर. लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर टेका. घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग, म्हणजे इंजिनापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची जोडणी, निर्दोष आहे. माझा आला २.४. स्टार्टरच्या हक्काच्या बारा व्होल्टांतले जवळजवळ अडीच वाटेतच गळत होते.

अर्थिंगची पट्टी वरून चांगली दिसत होती, म्हणून सगळे फसले. मी बोल्ट काढून टोकाजवळचं रबर ब्लेडने चिरलं. आत तांबं उरलंच नव्हतं, हिरवट-काळी भुकटी होती. कल्हई गेलेल्या पितळीत ताक ठेवलं की कळकतं, तो रंग. तार वाकवली तर अर्धे पीळ बोटांतच राहिले. खाडीचा वारा, जून ते सप्टेंबरचा ओलावा, आणि उघड्या टोकातून आत चढलेलं पाणी. अख्खी पट्टी पाचशे रुपयांच्या आत नवी करून मिळाली.

तुम्हीही आधी मोजा, दोष निघाला तर पट्टी नवी करा. बसवताना इंजिन आणि बॉडी दोन्हीकडचा रंग-गंज घासून चकचकीत धातू काढा, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावा. पॉझिटिव्ह बाजूही मोजा: बॅटरीच्या खुंटीपासून स्टार्टरच्या जाड बोल्टापर्यंत सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. दोन्हीकडे आकडे चांगले आले आणि तरी ‘टक्’ राहिलं, तर मला परत लिहा. जुनी स्टार्टर मोटर भंगारात दिली नसेल तर देऊ नका, ती बहुधा धडधाकट आहे.

प्रश्न : १९९८ ची होंडा प्रिल्यूड आहे. मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाखाली बोराएवढा फोड आलाय. डेंटर म्हणतो पुट्टी भरून दोन दिवसांत देतो. देऊ का? — ऐरोलीहून एक वाचक

देऊ नका.

तो फोड बाहेरून आत गेलेला नाही, आतून बाहेर आलाय. कमानीच्या आतल्या बाजूला दोन पत्रे एकमेकांवर दुमडलेले असतात. त्या दुमडीत चाकाने उडवलेली माती बसते आणि ओली राहते. प्रिल्यूडची मागची कमान ही त्यासाठी प्रसिद्ध जागा. त्यात तुम्ही खाडीच्या काठाला राहता. फ्लेमिंगो बघायला ऐरोली उत्तम, पत्र्याला नाही.

आधी किती गेलंय ते बघा. फ्रिजवरचा छोटा चुंबक पातळ रुमालात गुंडाळून कमानीवरून सरकवा. जिथे तो पकड सोडतो तिथे आधीच कुणीतरी पुट्टी भरलेली आहे. मग चाक काढून आतून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा टणकारतो, कुजका पत्रा बद्द वाजतो. तसा आवाज आला की तिथे टोक दाबा. आरपार गेलं तर वाईट वाटून घेऊ नका, ते भोक आधीपासूनच होतं.

नुसता वरचा गंज असेल तर घरी जमेल: तारेच्या ब्रशने लख्ख धातू दिसेपर्यंत घासा, खाचेतल्या ठिपक्यांना गंज बांधणारं रसायन लावा, वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर. पुट्टी लागलीच तर प्रायमरच्या वर, थेट पत्र्यावर नाही. पुट्टी पाणी पिते, आणि तिच्याखाली गंज सुखाने वाढत राहतो. म्हणूनच दोन दिवसांतलं काम दोन पावसाळ्यांत परत येतं. आरपार गेलं असेल तर कुजका भाग कापून नवा तुकडा वेल्ड करणारा माणूस शोधा. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवायची, ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) प्लग काढायचा, आणि पेट्रोल भरायची नळी त्याच बाजूने जात असेल तर ती आधी बाजूला झाली पाहिजे. हे त्याने न विचारता सुरुवात केली तर गाडी तिथून घेऊन या. काम झाल्यावर दुमडीत सीलर आणि पोकळीत मेण. हे सगळं दिवाळीनंतर करा. जुलैच्या दमट हवेत मारलेला प्रायमर वर्षभरात सायीसारखा सुटतो.

प्रश्न : माझी १९९४ ची टोयोटा एमआर-टू आहे. ई२० पेट्रोल आल्यापासून मायलेज उतरलं आणि गाडी तापली की केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो. हा ई२० चाच दोष का? — खारघरहून एक वाचक

मायलेजचं काही अंशी हो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्याचं प्रमाण २० टक्के धरलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के उतरण हिशेबात बसते. तुमची गाडी इंजेक्शनची आहे, ऑक्सिजन सेन्सर शाबूत असेल तर ईसीयू थोडं जास्त पेट्रोल सोडून सांभाळून घेतो. त्याहून जास्त उतरलं असेल तर सेन्सर तपासा, सगळा दोष पेट्रोलवर टाकू नका.

वासाचं मात्र आजच बघा, उद्यावर ढकलू नका. एमआर-टूचं इंजिन तुमच्या पाठीमागे आहे, पेट्रोलच्या नळ्या एग्झॉस्टच्या शेजारून जातात. तीस वर्षांपूर्वीचं रबर इतक्या इथेनॉलसाठी बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. इंजिन थंड असताना प्रत्येक नळी क्लॅम्पजवळ दोन बोटांत दाबून वाकवा. बारीक चिरा, चिकटपणा किंवा भिजल्यासारखा डाग दिसला तर त्या दिवसापासून गाडी चालवणं बंद. नवी नळी इंजेक्शनच्या दाबाची आणि इथेनॉल चालणारी, आतून फ्लुओरोइलास्टोमरचं (इंधनाला टिकणाऱ्या खास रबराचं) अस्तर असलेलीच मागा. मीटरवर कापून मिळणारी साधी काळी नळी स्वस्त पडते, ती बागेला लावा. क्लॅम्पही इंजेक्शनचे, पूर्ण गोल आवळणारे. रबरात रुतणारे, खाचांचे नकोत. इंजेक्टरांच्या ओ-रिंगा त्याच वेळी बदलून टाका.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा. अर्ध्या टाकीत दमट हवा असते, इथेनॉल तिच्यातलं पाणी ओढतं, आणि पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाला बसतं. पंप नेमका तळातूनच ओढतो.

प्रश्न : काकू, बाबांच्या कूपेच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या. नेप्थलीनच्या गोळ्या ठेवल्या तरी परत आले. काय करू? — कोपरखैरणेहून एक विद्यार्थिनी

गोळ्यांचा वास तुलाच त्रास देईल, उंदरांना नाही. त्यांना ऊब आणि आडोसा हवा असतो. आठवड्यातून दोनदा गाडी हलव, रात्री बॉनेट उघडं ठेव (दिवा जळत राहात नाही ना ते बघ), बॅटरीच्या ट्रेमधला पालापाचोळा काढ आणि खाली कुत्र्यांसाठी कुणी चपात्या टाकत असेल तर त्यांच्याशी गोड बोल. वायरी पिळून टेप लावू नकोस. बॅटरी सोडवून एकेक वायर, रंग जुळवून, सोल्डर कर, वर आकसणारी नळी चढव. सगळ्या एकदम कापून बसू नकोस. आणि जोडण्याआधी फोटो काढ. बाबांना विचारायला लागलं तर निदान दाखवायला काहीतरी असेल.

प्रश्न : परदेशातून आणलेल्या २००१ च्या गाडीची आरसी संपत आली आहे. नूतनीकरणाचा खर्च किती? — ठाणे पूर्वेहून एक वाचक

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढते. बाहेरून आणलेल्या चारचाकीला एप्रिल २०२२ पासून ही फी ४० हजार होती. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती ८० हजार झाली. आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा. आकडा बघून माझ्याही पोटात गोळा आला होता.

अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून देता येतो. गाडी तपासणीला न्यावी लागते, म्हणून त्याआधी हॉर्न, सगळे दिवे, वायपर, हँडब्रेक आणि पीयूसी बघून घ्या. रंग बदलला असेल तर तो आरसीवर चढला आहे ना तेही बघा. लाल गाडीच्या कागदावर ‘सिल्व्हर’ लिहिलेलं असलं की माणूस तिथून परत येतो. चासी नंबरवर ग्रीस-माती साचलेली असते, तो आदल्या रात्रीच रॉकेलच्या फडक्याने पुसा. तपासनीस ठसा घ्यायला वाकतो तेव्हा नंबर सापडत नाही म्हणून रांगेत मागे पाठवलेली एक गाडी मी पाहिली आहे. मागची सगळी रांग तेव्हा हॉर्न वाजवत होती, आणि गाडीत मी होते.